शिडाच्या होड्या आणि छोटे सेलिंग क्लब: साताऱ्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छोट्या सेलिंग क्लबांचा इतिहास वाचायचा मला नाद आहे, आणि साताऱ्यात हे कुणाला सांगितलं की तेच तेच प्रश्न येतात, समुद्र कुठाय, पैसे कोण देणार, परवानगी मिळते का वगैरे. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

सेलिंग क्लब म्हणजे नक्की काय? बामणोलीला बोटी आहेतच की.

बामणोली, तापोळ्याच्या बोटी इंजिनवर चालतात. आपण तिकीट काढून बसतो आणि नाववाले मामा आपल्याला वासोट्याच्या पायथ्याला सोडतात. सेलिंगमध्ये इंजिन नसतं. एक डोलकाठी, एक किंवा दोन शिडं, मागं सुकाणू, आणि होडीच्या मधोमध खाली पाण्यात सोडायची एक पाटी, तिला सेंटरबोर्ड म्हणतात. वारा बाजूनं आला की होडी आडवी सरकायला बघते, ती पाटी तिला सरकू देत नाही, मग सगळा जोर पुढं जायला लागतो. ह्याच पाटीमुळं होडी वाऱ्याच्या उलट दिशेला पण जाऊ शकते, एकदम नाकासमोर नाही पण तिरपी तिरपी, आधी डावीकडं मग उजवीकडं, यवतेश्वरचा घाट चढताना गाडी वळणं घेत जाते तशी.

आणि क्लब म्हणजे हे सगळं एकत्र मिळून करणारी माणसं. होड्या काठावर ठेवायला थोडी जागा, एक शेड, रविवारी रेस, नवीन पोरांना शिकवणं. मोठं हॉटेल, स्विमिंग पूल असलं काही त्यात लागत नाही.

हे श्रीमंतांचं खूळ नाही का?

सुरुवात तशीच झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. जगातला सगळ्यात जुना क्लब म्हणून ज्याचं नाव घेतात तो आयर्लंडमधल्या कॉर्क बंदराचा, १७२० चा, आणि तो जमीनदार मंडळींचा होता. १८१५ मध्ये लंडनला एक क्लब निघाला, तोच पुढं रॉयल यॉट स्क्वाड्रन झाला. तिथं मेंबर व्हायचं तर स्वतःचं किमान १० टनांचं जहाज पाहिजे अशी अट होती. म्हणजे दहा टनांचं जहाज, त्यावर पगारी खलाशी, आणि मालक सदऱ्यावर सोन्याची बटणं लावून उभा. सामान्य माणसाचा तिथं काय संबंध.

पण मला ज्या क्लबांबद्दल बोलायचंय ते ह्याच्या पुढच्या दीडशे वर्षांत घडले, आणि ते शिक्षक, गवंडी, कारकून, रेल्वेतली माणसं अशांनी चालवले. त्यांच्याकडं पैसा नव्हता, म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या: होडी स्वस्त केली आणि काम वाटून घेतलं. माझ्या मते छोट्या क्लबांचा सगळा इतिहास ह्या दोन गोष्टींतच आहे, खाली जे काय लिहिलंय ते फिरून फिरून तिथंच येतं.

मग साध्या माणसांचे क्लब कधी सुरू झाले?

एकाच दिवशी झालं असं नाही. १८६६ मध्ये इंग्लंडात जॉन मॅकग्रेगर नावाच्या गृहस्थांनी कनू क्लब काढला, छोट्याशा नावेत एकट्यानं बसायचं, वल्हं मारायचं, छोटं शीड लावायचं. आपली नाव आपणच चालवायची हे त्यातनं रुजत गेलं. मग काही क्लबांनी नियमच केला की रेसमध्ये सुकाणू हौशी माणसाच्याच हातात पाहिजे, पगारी खलाशाच्या नाही.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती डब्लिनची गोष्ट. तिथं थॉमस मिडलटन नावाच्या माणसाला एक गोष्ट खुपत होती, की दरवर्षी कोणीतरी जास्त पैसे घालून जास्त वेगाची होडी बांधतं आणि तोच जिंकतो, मग बाकीच्यांनी कशाला यायचं. त्यांनी सुचवलं की सगळ्यांच्या होड्या एकसारख्या करा. एकच नकाशा, एकच लांबी, एकच शीड. मग जिंकेल तो होडी चालवण्यातल्या हुशारीवर. त्यातनं १८८७ मध्ये वॉटर वॅग नावाच्या होड्या निघाल्या, सरळ किनाऱ्यावर ओढून ठेवता येतील इतक्या छोट्या. एकसारख्या होड्यांची रेस हा प्रकार तिथनं जगभर गेला, आज ऑलिम्पिकमध्ये सुद्धा तसंच चालतं. आणि वॉटर वॅग अजूनही डब्लिनजवळच्या डन लेरी बंदरात रेस करतात, सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी.

आता विचार करा, ही किती साधी गोष्ट आहे. पण ह्या एका नियमामुळं गावातला शिक्षक आणि गावातला कारखानदार एकाच रेषेवरनं सुटायला लागले.

प्लायवूडचा आणि ह्या सगळ्याचा काय संबंध? सारखं नाव ऐकतो.

खूप मोठा संबंध आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

जुन्या पद्धतीची लाकडी होडी म्हणजे सुताराचं फार अवघड काम, फळ्या वाफेवर वाकवायच्या, एकावर एक बसवायच्या, खिळे, फटी बुजवणं. चांगला कारागीर पाहिजे आणि त्याला बरेच महिने लागायचे. दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवताना पाण्यात न सुटणारा गोंद आणि चांगलं प्लायवूड तयार झालं, मॉस्किटो नावाचं लाकडी विमान त्यावरच उडत होतं. युद्ध संपल्यावर हेच सामान होड्यांसाठी वापरायला लागले. जॅक होल्ट नावाचे इंग्लंडमधले डिझायनर होते, त्यांनी सपाट प्लायवूडमधनं घरी बांधता येतील अशा होड्यांचे नकाशे काढायचा सपाटाच लावला, १९४७ ला मुलांसाठी कॅडेट, १९४९ ला जीपी फोर्टीन, १९५६ ला एंटरप्राइझ. ही एंटरप्राइझ आपल्या भारतात पण भरपूर चालली, त्याबद्दल पुढं सांगतो.

आणि मग मिरर. १९६२-६३ ची गोष्ट. टीव्हीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल होते, त्यांनी आणि जॅक होल्ट यांनी मिळून ही होडी केली आणि डेली मिरर ह्या पेपरनं ती विकायला काढली. सगळं सामान एका किटमध्ये, किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. ती जोडायची कशी ते बघा: प्लायवूडचे कापलेले तुकडे येतात, त्यांच्या कडेला ओळीनं बारीक भोकं पाडायची, दोन तुकडे शेजारी शेजारी धरून भोकातनं तांब्याची तार ओवायची आणि पक्कडीनं पीळ द्यायचा. सगळ्या तारा पिळून झाल्या की सपाट तुकड्यांना आपोआप होडीचा आकार येतो, तुम्ही काहीच वाकवलेलं नसतं. मग आतनं सांध्यावर फायबर ग्लासची पट्टी ठेवून रेझिन ओतायचं, वाळलं की बाहेरनं तारा कापायच्या आणि तिकडनं पण पट्टी लावायची. झाली होडी. पेपरच्या रंगाला धरून शिडं लाल. लांबी साधारण ३.३ मीटर, म्हणजे गाडीच्या टपावर बसते. अशा ७० हजारांहून जास्त होड्या बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या किती तरी लोकांच्या गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या टेबलाशेजारी, शाळेच्या सुतारकाम वर्गात.

हे होताच इंग्लंडमध्ये जिथं म्हणून पाणी आहे तिथं क्लब निघाले. तळी, धरणं, वाळू-खडी काढून झालेल्या आणि पाण्यानं भरलेल्या खाणी. समुद्र बघितलेला नाही असे सेलर तयार झाले. म्हणून "साताऱ्याला समुद्र कुठाय" ह्या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी हेच देतो.

लहान मुलांच्या त्या डब्यासारख्या होड्या असतात त्या कुठल्या?

ती ऑप्टिमिस्ट. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर गावात क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्यानं ती केली. तिथल्या मेजर मॅके यांची कल्पना अशी होती की पोरं उतारावर लाकडी गाड्या पळवतात तशीच स्वस्त होडी पोरांना मिळावी, आणि बाजारात मिळणाऱ्या प्लायवूडच्या शीटमधनंच ती निघावी. म्हणून पुढचं टोक असं बोथट, कापल्यासारखं. लांबी सव्वादोन मीटरच्या थोडी वर. पुढं ती डेन्मार्कला गेली आणि तिथनं जगभर, आज १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची सगळ्यात जास्त चालणारी होडी हीच आहे. एक पोरगं, एक शीड, एक सुकाणू. आई-वडील काठावर.

ह्याच्या आधीची स्नाइप पण सांगायला पाहिजे. १९३१ ला एका अमेरिकन मासिकात तिचा नकाशा छापून आला आणि पहिली होडी बांधली ती मिसिसिपी राज्यातल्या १४ वर्षांच्या मुलानं.

क्लब रोजचा चालतो कसा? पगारी माणसं असतात का?

छोट्या क्लबात नसतात, आणि इथंच खरी गंमत आहे. वर्षाच्या सुरुवातीला ड्यूटीचा तक्ता लागतो. प्रत्येक मेंबरला वर्षातनं काही वेळा स्वतः पाण्यावर न उतरता दुसऱ्यांसाठी राबावं लागतं. कोणी रेस ऑफिसर, कोणी रेस्क्यू बोटीवर, कोणी चहा आणि सँडविच. रेस ऑफिसर काठावर किंवा बोटीवर उभा राहून सुटण्याच्या पाच मिनिटं आधी एक झेंडा वर करतो आणि भोंगा वाजवतो, चार मिनिटं राहिली की दुसरा झेंडा, एक मिनिट राहिलं की तो दुसरा खाली, आणि शून्याला पहिला खाली की सुटल्या. हेच झेंडे आणि हीच मिनिटं ऑलिम्पिकला.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. साध्या क्लब रेसमध्ये पाण्यावर पंच नसतो. तुम्ही दुसऱ्याला धक्का दिला, नियम मोडला, तर तुम्हीच आपण होऊन तिथल्या तिथं होडीला दोन पूर्ण गोल फिरवायचे, ही शिक्षा, आणि मग पुढं जायचं. कोणी बघितलं नाही तरी. पोरांना शिकवायला ह्यापेक्षा चांगली गोष्ट कुठली असेल मला माहीत नाही.

सगळ्यांकडं वेगवेगळ्या होड्या असल्या तर?

छोट्या क्लबात हेच असतं, कोणाची मिरर, कोणाची लेझर, कोणाची जुनी एंटरप्राइझ. त्यासाठी इंग्लंडात पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत निघाली. प्रत्येक प्रकारच्या होडीला एक आकडा, हळू होडीला मोठा, वेगवान होडीला छोटा. लागलेला वेळ गुणिले १००० भागिले तो आकडा. समजा मिररचा आकडा १४०० धरला आणि लेझरचा ११००. मिररनं ७० मिनिटात रेस संपवली, तिचा हिशोबाचा वेळ ५० मिनिटं. लेझर ५८ मिनिटात आली, तिचा हिशोब ५२.७. म्हणजे बारा मिनिटं मागनं आलेली मिरर जिंकली. हे आकडे क्लबांनी पाठवलेल्या निकालांवरनं दरवर्षी सुधारतात, म्हणजे हा पण सगळ्यांनी मिळून केलेला हिशोब आहे.

गरीब मुलांसाठी कोणी काही केलंय का, का सगळं मध्यमवर्गीयच?

केलंय, आणि दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात.

एक बोस्टनचं. तिथं शहराच्या मधनं चार्ल्स नदी जाते. १९३० च्या दशकात जोसेफ ली ज्युनिअर नावाच्या गृहस्थांनी वेस्ट एंड ह्या गरीब वस्तीतल्या पोरांना नदीवर आणायला सुरुवात केली, पोरांनी स्वतः होड्या बांधल्या. १९४६ मध्ये त्याची रीतसर संस्था झाली, कम्युनिटी बोटिंग, आणि ती अजून चालू आहे. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सार्वजनिक सेलिंग केंद्र म्हणून तिला ओळखतात.

दुसरं फ्रान्सचं. फिलिप आणि हेलेन वियाने हे नवराबायको, दोघं नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते. युद्ध संपल्यावर, चळवळीत होरपळलेल्या तरुण पोरापोरींना जरा मोकळा श्वास मिळावा म्हणून १९४७ मध्ये ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या ग्लेनां बेटांवर त्यांनी शिबिर घेतलं. राहायला धड जागा नव्हती, सगळं काम स्वतः करायचं, स्वयंपाक, डागडुजी. त्यातनं पुढं युरोपातली सगळ्यात मोठी सेलिंग शाळा उभी राहिली आणि अजूनही तिथं शिकवणारे बहुतेक स्वयंसेवकच असतात.

श्रमदान हा शब्द सातारा जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. २०१६ चा पहिला वॉटर कप, म्हणजे जलसंधारणाच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं जिंकला तो हातात टिकाव-फावडं घेऊनच. ज्या गावात माणसं उन्हात चर खणायला पहाटे येतात तिथं काठावर होड्यांची शेड उभी करायला माणसं मिळणार नाहीत असं मला अजिबात वाटत नाही.

भारतात हे कधी आलं?

साहेबाबरोबर आलं. मुंबईचा यॉट क्लब १८४६ चा, पुण्याचा कनॉट बोट क्लब १८६८ चा, मद्रासचा यॉट क्लब १९११ चा. मुंबईच्या त्या क्लबात इंग्रजांच्या काळात हिंदी माणसाला मेंबर करून घेत नसत, हे पण लक्षात ठेवायला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर हा खेळ जास्त करून सैन्यानं सांभाळला. एनडीएची पोरं खडकवासल्याच्या पाण्यावर शिकतात, सिकंदराबादला हुसेन सागर आहे, बेंगलोरला हलसूर तलाव. बघा, सगळी गोड्या पाण्याची ठिकाणं. १९६० ला यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला सोली कॉन्ट्रॅक्टर आणि बासिथ गेले. १९८२ च्या एशियाडची सेलिंग मुंबईला झाली आणि फारोख तारापोर, झरीर करंजिया ह्या जोडीनं सोनं आणलं. होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग यांना तर ह्या खेळासाठी खेलरत्न मिळालंय, आणि त्यांचं नाव झालं ते त्याच प्लायवूडवाल्या एंटरप्राइझ होडीत.

हल्लीचं सांगायचं तर हैदराबादला २००९ पासून सुहेम शेख यांनी यॉट क्लब चालवलाय, हुसेन सागरवर, त्यात वस्त्यांमधली, सरकारी शाळांमधली मुलं-मुली येतात आणि राष्ट्रीय पातळीवर पदकं घेतात. आणि भोपाळचा मोठा तलाव. मध्य प्रदेशला एक इंच समुद्र नाही. तिथल्या नॅशनल सेलिंग स्कूलची नेहा ठाकूर, देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची पोरगी, २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडला रौप्यपदक घेऊन आली. आपल्या माणदेशातल्या धावपटू पोरींची गोष्ट ज्यांना माहितीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मराठ्यांचं आरमार होतंच की, मग आपला वारसा जुना नाही का?

आहे, आणि त्यात साताऱ्याचा थेट संबंध आहे. १७१३-१४ च्या तहानंतर कान्होजी आंग्रे सातारच्या शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि त्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, कायम झालं. म्हणजे गलबतं आणि गुराबा कुलाब्याला, पण निष्ठा सातारच्या गादीला. मात्र ते आरमार होतं, लढाई आणि जकातीचं काम, क्लबचा इतिहास त्याला जोडून मोठेपणा घेणं मला पटत नाही. कोकणातल्या तांडेलांकडून शिकण्यासारखं मात्र आजही खूप आहे, वारा बघून शीड कसं धरायचं हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं.

साताऱ्यात पाणी कुठं आहे?

पाण्याला तोटा नाही. महाबळेश्वरचं वेण्णा लेक १८४२ मध्ये सातारचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी बांधून घेतलं, पण ते लहान आहे आणि पर्यटकांच्या होड्यांनी भरलेलं. वाईजवळ धोम, मेढ्याच्या रस्त्याला कण्हेर, सज्जनगडाच्या पायथ्याकडं उरमोडी. आणि सगळ्यात मोठं कोयनेचं शिवसागर, जवळजवळ ५० किलोमीटर लांब, १०५ टीएमसीचं.

शिवसागरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९६० च्या दशकात ते भरलं तेव्हा गावंच्या गावं पाण्याखाली गेली, माणसं लांब लांब पांगली. जी काठावर वर सरकून राहिली त्यांनी नंतर बामणोली, तापोळ्याला स्वतःच बोट क्लब उभे केले. त्यांच्या शेताच्या वरच आज ते बोट चालवतात. ह्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा आहे, कुठलाही नवा क्लब काढायचा तर त्यांना विचारून, त्यांना घेऊन. शहरातनं ट्रेलरवर होड्या आणून काठावर कुंपण घालणारा क्लब मला नको.

पण वारा आहे का?

चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघितल्यात ना? वारा आहे. प्रश्न तो खाली पाण्यावर कसा उतरतो हा आहे. आपली धरणं डोंगरांच्या कुशीत आहेत, धोमला एकीकडं कमळगड, दुसरीकडं पांडवगड, त्यामुळं वारा मध्येच थांबतो, मध्येच झपकन येतो, दिशा बदलतो. शिकायला हे अवघड, पण अशा पाण्यावर शिकलेला माणूस कुठंही होडी चालवतो असं जगभरातले तलावावरचे सेलर सांगतात. वाऱ्याची माहिती पाहिजे असेल तर पाचगणीच्या पॅराग्लायडिंगवाल्या पोरांना विचारा, कृष्णेच्या खोऱ्यात कुठल्या महिन्यात दुपारी किती वाजता काय होतं हे त्यांना रोजच्या सरावानं माहीत असतं.

पावसाळ्यात वारा जोरदार पण तेव्हा उतरायचंच नाही, पाऊस, धुकं, धरणाचे दरवाजे. पावसाळा संपला की धरण काठोकाठ असतं, तेव्हापासून सीझन. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि काठापासून पाण्यापर्यंत नुसता चिखल आणि दगड, होडी उचलून न्यायची तर आठ माणसं लागतात. म्हणून हातगाडीसारखी दोन चाकांची ट्रॉली होडीइतकीच महत्त्वाची.

सांगलीला कृष्णा आहे, तिथं का नाही?

सांगलीला होड्यांच्या शर्यतींची परंपरा आहेच, वल्ह्यांच्या, काठावर तोबा गर्दी, आणि सांगलीवाडी, कवठेपिरान, डिग्रजकडच्या पोरांचा त्यातला जोर बघण्यासारखा असतो. त्याला तोड नाही. पण शिडासाठी नदी अवघड. काठ उंच, झाडी, वारा अडतो, पात्र अरुंद, पाण्याला ओढ. आणि मगरी. भिलवडी, औदुंबरपासून हरिपूरपर्यंत कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेत. सेलिंग शिकताना होडी उलटणारच, तेव्हा नवशिक्या पोराला त्या पाण्यात उतरवणं मला तरी योग्य वाटत नाही. पुराचं तर बोलायलाच नको, आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोका पातळी आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सांगलीकरांनी शिकायला धरणावर यावं, दोन-अडीच तासाचा तर रस्ता.

होडी उलटली तर?

उलटते. पहिल्या दिवशी मुद्दाम उलटवूनच शिकवतात. ह्या छोट्या होड्यांत हवेच्या बंद जागा असतात, त्या बुडत नाहीत. आडवी पडली की पोहत मागून फिरून सेंटरबोर्डापाशी जायचं, त्यावर वजन टाकायचं, होडी हळूहळू सरळ होते, मग आत चढून पाणी उपसायचं. दोन गोष्टींवर तडजोड नाही: पाण्यावर असेपर्यंत लाईफ जॅकेट अंगात, पट्ट्या बांधून, आणि एक इंजिनवाली रेस्क्यू बोट माणसासकट तयार असल्याशिवाय एकही शीड वर चढणार नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आपल्या भागातलं कोणी विसरलेलं नाही. चांगलं पोहता येत असलं तरी जॅकेट.

परवानगी कोणाची, आणि नोंदणी कशी?

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाकडं, शिवसागरचा बराच काठ कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणून तिथं वन विभाग पण. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभा. लेखी घ्यायचं, तोंडी होकारावर होड्या आणायच्या नाहीत. संस्था नोंदवायला १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात आणि आपल्याकडं ती धर्मादाय कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणूनही नोंदवायची असते. सात माणसं म्हणजे खरं तर जास्त नाहीत.

मुलींना घेता का?

हा प्रश्न पालक विचारतात म्हणून लिहितोय. वर ज्या वॉटर वॅग होडीचं सांगितलं, तिचा १९०० सालचा सुधारलेला नकाशा होडी बांधणाऱ्या डॉयल यांच्या मुलीनं, मेमी डॉयलनं काढला, आणि रेसमध्ये आज पळतात त्या होड्या त्याच नकाशाच्या. ग्लेनांच्या मागं हेलेन वियाने होत्या. टोकियो ऑलिम्पिकला भारताकडून सेलिंगला गेलेली पहिली महिला चेन्नईची नेत्रा कुमानन. तेव्हा मुलींसाठी वेगळी सोय म्हणून कपडे बदलायची बंद खोली आणि स्वच्छ टॉयलेट पहिल्या दिवसापासून पाहिजे, शेडच्या आधी. ते नसलं की मुली येणं बंद होतं, हे आपल्या तालमी आणि मैदानांवर आपण बघतोच.

छोटे क्लब बंद का पडतात?

एक-दोन माणसं सगळं ओढत असतात, ती थकली की क्लब थकतो. किंवा कोणी तरी जास्त महाग होडी आणतो, मग दुसरा, आणि साधी होडीवाले यायचे बंद होतात, म्हणजे डब्लिनच्या मिडलटन यांनी जी गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली तीच. किंवा पोरं शिकून पुण्या-मुंबईला जातात आणि खालून नवीन पोरं आलेली नसतात. म्हणून दरवर्षी नवीन शिकवणं बंद पडू द्यायचं नाही, एक वर्ष खंड पडला की तो भरून काढायला खूप वर्षं जातात.

क्लब सुरू झालाच तर इतिहास लिहून कसा ठेवायचा?

पहिल्या दिवसापासून एक वही. जाड पुठ्ठ्याची, लेजरसारखी, फोनवर नाही, कारण फोन बदलतो आणि ग्रुप डिलीट होतात. प्रत्येक रविवारी कोण कोण आलं त्यांच्या सह्या, कुठली होडी कोणाकडं, वारा कुठनं आणि किती, पाण्याची पातळी कुठल्या दगडापर्यंत, रेसचा निकाल, काय मोडलं, कोणी दुरुस्त केलं, ड्यूटीला कोण होतं. फोटो काढला की मागं नावं लिहायची, डावीकडून उजवीकडं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पाण्याखाली काय काय आहे ते विचारून त्याच वहीत नकाशा काढायचा, कुठं देऊळ होतं, कुठं विहीर, कुठं झाडांचे बुंधे, कारण उन्हाळ्यात पाणी उतरलं की सेंटरबोर्ड त्यावरच आपटतात. वही शेडमध्ये न ठेवता दरवर्षी वेगळ्या घरी ठेवायची आणि वर्षातनं एकदा सगळ्या पानांचे फोटो काढून निदान तीन जणांकडं द्यायचे.